गावांनी राखलेली चर्चं

११२३ सालच्या डिसेंबरात पिरेनीज पर्वतातल्या ताउल या खेड्यात लागोपाठ दोन दिवशी दोन चर्चचे समर्पणविधी झाले. १० तारखेला सांत क्लिमेंतचा, ११ तारखेला सांता मारियाचा. दोन्ही विधी बिशप रामोन यांच्या हातून पार पडले. सांत क्लिमेंतच्या एका खांबावर या विधीची नोंद रंगाने लिहून ठेवलेली होती, म्हणून नऊशे वर्षांनंतरही तारीख इतकी नेमकी सांगता येते. जवळपास दीड हजार मीटर उंचीवरचं हे मेंढपाळांचं गाव हिवाळ्यात बर्फात बुडून जातं. त्याला एक सोडून दोन दगडी चर्चं आणि सहा मजली घंटा-मनोरा हवा होता कशाला?

उत्तर पैशात आहे. एरिल नावाच्या सरदार घराण्याने दक्षिणेतल्या मुस्लिम सत्तांविरुद्धच्या लढायांत भाग घेतला, लूट मिळवली, मानमरातब मिळवला. त्यातला काही भाग आपल्या खोऱ्यातल्या चर्चवर खर्च झाला. बांधणीची रीत उत्तर इटलीतून आलेल्या गवंड्यांची. चित्रकार कोण होता ते कुणालाच माहीत नाही, पण सांत क्लिमेंतच्या वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर त्याने रंगवलेला जगन्नियंता ख्रिस्त आज युरोपीय चित्रकलेच्या कुठल्याही इतिहासात असतो. पुढे लढाया दक्षिणेकडे सरकल्या, पैसा आटला आणि ताउल ज्यात आहे ते बोईचं खोरं विस्मरणात गेलं. चर्चं पाडून नवी बांधण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. ती तशीच उभी राहिली.

१९०७ साली वास्तुविशारद पुच इ कादाफाल्क यांच्या पुढाकाराने बार्सिलोनाहून अभ्यासकांची एक मोहीम या खोऱ्यात आली आणि जगाला या चित्रांचा पत्ता लागला. विद्वानांच्या मागोमाग दलाल येतात, तसे तेही आले. त्याच भागातल्या मूर इथल्या चर्चमधली भित्तिचित्रं विकली गेली आणि १९२१ साली बॉस्टनच्या संग्रहालयात पोचली. बार्सिलोनाचं संग्रहालय मंडळ त्याआधीच सावध झालं होतं. १९१९ ते १९२३ या काळात इटलीहून बोलावलेल्या कारागिरांनी खोऱ्यातली चित्रं कापडावर सरस लावून भिंतीवरून सोलून काढली, गुंडाळ्या करून डोंगराखाली नेली आणि ती बार्सिलोनात सुरक्षित झाली. गावात राहिल्या उघड्या भिंती. २०१३पासून सांत क्लिमेंतमध्ये अंधार करून त्याच भिंतीवर प्रकाशाने मूळ चित्र उमटवलं जातं. काही मिनिटं जगन्नियंता आपल्या जागी परततो, मग दिवे लागतात.

या एका खेड्याच्या कहाणीत प्रस्तुत पुस्तकाचा जवळजवळ सगळा विषय येऊन जातो. पैसा कुठून आला, हात कुणाचे होते, गरिबीने काय राखलं, शहराने काय उचललं आणि आज गाव त्या उरलेल्यावर कसं जगतं, हे ते पाच प्रश्न. युरोपातल्या खेड्यांवरची बहुतेक पुस्तकं खिडकीतल्या फुलांपासून सुरू होतात आणि सूर्यास्तापाशी संपतात. हे पुस्तक चर्चच्या छपरापासून सुरू होतं. ते गळतं का, गळत असेल तर दुरुस्तीचा खर्च कोण करतं, पूर्वी कोण करत असे, अशी त्याची चौकशी आहे. पर्यटकाला जे रम्य वाटतं ते पिढ्यानपिढ्या केलेल्या डागडुजीचं उरलेलं फळ आहे, हे त्यामागचं गृहीत. ते पटवून घेण्यासाठी विषयाचा एकंदर नकाशा आधी डोळ्यांसमोर हवा.

नवख्या वाचकाने पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती धर्मग्रामाची. मध्ययुगीन युरोपात ठरावीक हद्दीतल्या सगळ्या लोकांचं एक चर्च असे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन तिथेच. त्या बदल्यात गावाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा: धान्य, कोकरं, लोकर, जे पिकेल ते. हा दशांश ठेवायला बांधलेली प्रचंड कोठारं इंग्लंडात अजून पाहायला मिळतात. इंग्लंडातल्या बऱ्याच गावांत वेदीकडचा भाग नीट ठेवणं हे धर्मगुरूचं काम आणि लोक उभे राहात तो मोठा भाग ही गावाची जबाबदारी, अशी खर्चाची वाटणीही ठरलेली होती. एकाच चर्चच्या दोन टोकांना दोन वेगळ्या काळातलं, वेगळ्या तोलाचं काम दिसतं त्याचं एक कारण ही वाटणी.

चर्चमध्ये फक्त प्रार्थना होत असे असं समजणं चूक ठरेल. गावातली एकमेव मोठी छपराखालची जागा तीच. तिथे सभा होत, भांडणं मिटत, करार होत, पूर आला तर गुरं येत. घंटा वेळ सांगे, आगीची वर्दी देई, मृत्यूची बातमी पोचवी. इंग्लंडात १५३८ साली राजमंत्री टॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची वही ठेवणं सक्तीचं झालं. १५६३मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक जगात बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी बंधनकारक केल्या. सामान्य शेतकऱ्याचं नाव इतिहासात पहिल्यांदा लिहिलं गेलं ते बहुधा या वह्यांत.

चर्चच्या बांधणीचा इतिहास मात्र सरळ रेषेत जात नाही. सन १०००च्या आसपास पश्चिम युरोपभर दगडी चर्चं उभारण्याची लाट आली. रॉल ग्लाबेर या समकालीन भिक्षूने तिची नोंद केली आहे. जाड भिंती, लहान खिडक्या, अर्धगोल कमानी, दगडी घुमट: ज्याला पुढे रोमनेस्क म्हटलं गेलं ती ही शैली. गावाच्या मापाला ती चांगली बसली, कारण तिला स्थानिक दगड आणि बऱ्यापैकी गवंडी एवढंच पुरे होतं. इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधलं किलपेक हे ११४०च्या सुमाराचं चर्च याचं लोभस उदाहरण. छपराखाली ओळीने कोरलेल्या आकृत्यांत कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेले आहेत, अक्राळविक्राळ तोंडं आहेत, आणि व्हिक्टोरियन काळातल्या सभ्य अभ्यासकांना अडचणीत टाकणारी एक निर्लज्ज स्त्रीही आहे.

उत्तरेला लाकूड. नॉर्वेत उभ्या खांबांवर पेललेली, एकावर एक छपरं चढत जाणारी चर्चं मध्ययुगात शेकड्यांनी होती, आज अठ्ठावीस उरली आहेत. सोन्ये फ्योर्डच्या एका फाट्यावरच्या उर्नेसचं चर्च साधारण ११३०चं. त्याच्या एका भिंतीत त्याहूनही जुन्या चर्चची कोरीव दारं आणि फळ्या बसवल्या आहेत, त्यांवर वेलींसारखे गुंतलेले प्राणी आहेत. ही चर्चं टिकली ती डांबरामुळे. पाइनच्या मुळ्या जाळून काढलेलं डांबर लाकडाला वरचेवर फासावं लागतं, आणि हे काम चुकवलं की लाकूड कुजतं. पण सगळी चर्चं कुजून गेली नाहीत, काही कायद्याने गेली. १८५१च्या नॉर्वेजियन कायद्यानुसार चर्चमध्ये धर्मग्रामातल्या तीन-दशांश लोकांना जागा हवी होती. लोकसंख्या वाढलेली, चर्चं अंधारी आणि चिमुकली. गावांनी ती पाडून नवी बांधली. गावकरी अडाणी नव्हते, त्यांना मोठं चर्च हवं होतं, इतकंच. त्या कायद्याच्या आधीच वांग गावचं चर्च पाडायला निघालं होतं, तेव्हा चित्रकार योहान क्रिस्टियान डाल यांच्या खटपटीने प्रशियाच्या राजाने ते विकत घेतलं. सुटं करून जहाजाने नेलेलं ते चर्च १८४४पासून सायलीशियाच्या डोंगरात, आजच्या पोलंडमधल्या कार्पाच इथे उभं आहे.

इंग्लंडच्या सफक परगण्यात गोष्ट लोकरीची. लॅव्हनमचं चर्च पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी बांधलं गेलं. जहागीरदार द व्हिअर आणि कापड-व्यापारी स्प्रिंग घराणं यांनी त्यात पैसा ओतला. मनोरा १४१ फूट उंच, छोट्या गावाला न शोभणारा. स्प्रिंग मंडळींनी आपली खूणही चर्चच्या दगडात कोरून घेतली. कॉट्सवोल्ड टेकड्यांतल्या नॉर्थलीचच्या चर्चमध्ये लोकर-व्यापाऱ्यांच्या थडग्यांवर पितळी पत्रे आहेत आणि त्यांत व्यापाऱ्यांचे पाय मेंढ्यांवर, लोकरीच्या गासड्यांवर टेकलेले दाखवले आहेत. नंतर कापडाचा धंदा दुसरीकडे गेला आणि लॅव्हनम गरीब झालं. घरांचे लाकडी सांगाडे बदलायला पैसे नव्हते म्हणून वाकड्या भिंतींचं सगळं गाव जसंच्या तसं राहिलं. ज्या वाकडेपणाचे फोटो काढायला आज लोक जातात तो कित्येक पिढ्यांच्या दारिद्र्याचा पुरावा आहे. ताउलप्रमाणेच.

आजच्या रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियातली चर्चं पाहिली की मनात किल्ला येतो, आणि तो बरोबरच येतो. बाराव्या शतकाच्या मध्यावर हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सरहद्द वसवण्यासाठी जर्मन भाषक शेतकरी बोलावले. पुढे हेच सॅक्सन म्हणून ओळखले गेले. १२४१ला मंगोल आले, पंधराव्या शतकापासून ऑटोमन फौजांच्या धाडी सुरू झाल्या. सरदारांचे गड दूर होते, राजा त्याहून दूर. तेव्हा गावकऱ्यांनी चर्चभोवतीच तट घातला. प्रेज्मेरच्या तटाला आतून सुमारे २७० खोल्या आहेत, एकेका कुटुंबाला एकेक. वेढा पडला की कुटुंब आपल्या खोलीत. शांततेच्या काळात तिथे धान्य आणि खारवलेलं मांस. दर्जिऊ या हंगेरियन भाषक गावात चर्चच्या तटात धान्य आणि मांस ठेवण्याची रीत आपल्या काळापर्यंत चालत आली आहे. बियेर्तानच्या चर्चमध्ये मौल्यवान वस्तूंच्या खोलीचं दार असं की एक किल्ली फिरवली की अनेक अडसर एकदम सरकतात. तिथेच काडीमोड मागणाऱ्या जोडप्याला एका खोलीत कोंडून ठेवत, एक खाट, एक ताट, एक चमचा देऊन, असं सांगतात. कथा गाइड मंडळींनी बरीच घासून गुळगुळीत केली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावं.

याच खंडात कुणाला चर्च बांधू द्यायचं हाही झगडा होता. हाब्सबर्ग सम्राटाच्या राज्यातल्या प्रोटेस्टंटांना १६८१ साली मोजक्या ठिकाणी चर्च बांधायची मुभा मिळाली, पण अटी अशा की नको ती मुभा वाटावी: गावाबाहेर, लाकडाचं, मनोऱ्याशिवाय, वर्षभरात पुरं झालेलं. आजच्या स्लोव्हाकियातल्या ह्रोन्सेकच्या लोकांनी १७२५-२६मध्ये तसं चर्च उभं केलं आणि ते अजून वापरात आहे. उलट बव्हेरियातल्या वीसला अडचण यात्रेकरूंच्या गर्दीची. १७३८ साली तिथल्या एका शेतावरच्या घरात, मिरवणुकीतून बाद झालेल्या ख्रिस्ताच्या लाकडी मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू दिसल्याची वार्ता पसरली. गर्दी इतकी वाढली की १७४५ ते १७५४ या काळात डोमिनिकुस त्सिमरमान यांनी कुरणाच्या मधोमध एक चर्च बांधलं. बाहेरून साधं, आत पाऊल टाकलं की पांढरं, सोनेरी आणि निळं. युरोपीय रोकोकोचं शिखर म्हणून त्याचं नाव घेतात आणि भोवती अजून गाई चरतात.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने या सगळ्यातून एक रेघ ओढली. उत्तर युरोपात मूर्ती हटल्या, चित्रांवर चुना फासला गेला. सफकमधल्या वेनहॅस्टन गावातली गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९२ साली चर्चच्या दुरुस्तीत काही जुन्या फळ्या निरुपयोगी म्हणून काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला. चुना धुऊन गेला आणि सकाळी फळ्यांवर अंतिम न्यायनिवाड्याचं चित्र दिसू लागलं: तराजू घेतलेला देवदूत, कबरींतून उठणारी माणसं, नरकाचा जबडा. धर्मसुधारणेच्या काळात कुणीतरी पुसलं होतं ते पुसणाऱ्याच्याच चुन्याने जपलं.

धर्मसुधारणेचा आतला अनुभव कळतो तो मोअरबाथमधून. डेव्हनमधलं हे जेमतेम तेहतीस कुटुंबांचं खेडं. धर्मगुरू ख्रिस्तोफर ट्रिकी १५२० ते १५७४ इतकी वर्षं तिथे होते. चर्चचे हिशेब ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि वर्षातून गावाला वाचून दाखवत. त्या हिशेबांत संतांच्या मेंढ्या आहेत. एकेका संताच्या नावाने गावकरी एखादी मेंढी आपल्या कळपात सांभाळत, लोकर विकून त्या संतापुढच्या मेणबत्त्यांचा खर्च भागे. मेंढी मेली, हरवली, सगळं वहीत. मग राजाज्ञा येतात, मेणबत्त्या बंद होतात, वस्त्रं विकली जातात, आणि धर्मसुधारणेविरुद्धच्या १५४९च्या बंडात गाव आपले पाच तरुण पाठवतं, त्याचीही नोंद हिशेबातच आढळते. इतिहासकार एमन डफी यांनी २००१ साली या वहीवर ग्रंथ लिहिला. देवस्थानाच्या जमाखर्चाशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही.

आता या विषयाच्या अभ्यासाकडे. एकोणिसाव्या शतकापर्यंत खेड्यातल्या चर्चकडे वारसा म्हणून कुणी पाहत नव्हतं. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर कित्येक चर्चं दगडांसाठी विकली गेली. १८३४ साली प्रॉस्पेर मेरिमे ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक झाले आणि घोडागाडीतून देश पालथा घालू लागले. बर्गंडीतल्या व्हेझले गावचं डोंगरमाथ्यावरचं मोठं चर्च कोसळायच्या बेतात होतं. ते त्यांनी १८४० साली व्हिओले-ल-द्यूक या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाकडे सोपवलं. चर्च वाचलं. पण व्हिओले-ल-द्यूक यांच्या मते जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला तिच्या परिपूर्ण रूपात नेणं, मग ते रूप प्रत्यक्षात कधी असो वा नसो.

या विचाराला इंग्लंडातून विरोध झाला. जॉन रस्किन आणि त्यांच्या प्रभावातले विल्यम मॉरिस यांना व्हिक्टोरियन जीर्णोद्धारकांनी गिलावा खरवडून, नंतरच्या शतकांचं काम उपटून चर्चं ‘शुद्ध’ केलेली पाहवेनात. मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. रोजची देखभाल करत राहा म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, हे तिचं धोरण. दीडशे वर्षं हा वाद चालला आहे आणि १९६४च्या व्हेनिस सनदेने तो बराचसा मॉरिस यांच्या बाजूने सोडवला. प्रस्तुत पुस्तकाचा कलही तिकडेच आहे. तरीही व्हेझलेत उभं राहिलं की व्हिओले-ल-द्यूक यांना सरसकट दोषी धरणं अवघड जातं. ते नसते तर वाद घालायला चर्चच उरलं नसतं.

जीर्णोद्धार आणि देखभाल या दोन वाटांनंतर तिसरी वाट कलेतिहासाची. शैली, तारखा, गवंड्यांच्या खुणा यांचा माग. पुच इ कादाफाल्क त्याच वाटेचे. जर्मनीतून आलेले निर्वासित निकोलस पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडच्या परगण्यांची ४६ खंडांची वास्तुसूची पुरी केली. त्यातली वाक्यं कोरडी आहेत, पण जवळजवळ प्रत्येक खेड्याचं चर्च त्यात सापडतं. चौथी वाट सामाजिक इतिहासाची. तिच्यात चर्च हे गावाच्या जगण्याचं साधन होतं. एमानुएल ल रॉय लादुरी यांनी १९७५ साली मोंतायू या पिरेनीजमधल्या गावाचं चौदाव्या शतकातलं आयुष्य धर्मन्यायालयाच्या जबान्यांतून उभं केलं. आलँ कोर्बँ यांनी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच गावांच्या घंटांवर लिहिलं: घंटा कुणी वाजवायची, धर्मगुरूने की मेयरने, यावरून गावं कशी भांडत ते. डफी याच परंपरेतले. या पुस्तकाचं माहेर ही चौथी वाट. शैलींची चर्चा त्यात आहे, पण मध्यभागी नाही.

हे सगळं आत्ताच का वाचायचं? कारण ज्या व्यवस्थेने ही चर्चं राखली ती आता बहुतेक ठिकाणी संपली आहे. दशांश गेला, उपासक घटले, तरुण शहरात गेले. इंग्लंडच्या अधिकृत चर्चकडे सुमारे १६ हजार चर्चं आहेत, त्यांपैकी १२ हजारांहून अधिक कायद्याने संरक्षित. बहुतेक खेड्यांत दुरुस्तीचा बोजा मूठभर निवृत्त स्वयंसेवकांवर असतो. वापरातून गेलेल्या साडेतीनशेहून जास्त चर्चचा सांभाळ १९६९ साली स्थापन झालेला एक विश्वस्त निधी करतो आणि त्यातल्या काहींमध्ये रात्री मुक्कामाला राहण्याचीही सोय त्याने केली आहे.

फ्रान्समध्ये वेगळाच गुंता आहे. १९०५ साली राज्य आणि धर्म कायद्याने वेगळे झाले आणि तेव्हा असलेली गावची चर्चं ग्रामपालिकांच्या मालकीची राहिली. म्हणजे निधर्मी प्रजासत्ताकातल्या दोनशे वस्तीच्या गावाचा मेयर, स्वतः नास्तिक असला तरी, बाराव्या शतकातल्या चर्चच्या छपराला जबाबदार. मोरिस बारेस यांनी पहिल्या महायुद्धाआधीच या चर्चच्या दैन्यावर रान उठवलं होतं. २०२३च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी लहान गावांतल्या धार्मिक वास्तूंसाठी चार वर्षांत २० कोटी युरो उभारण्याची देशव्यापी वर्गणी जाहीर केली, त्यावरून प्रश्न किती मोठा झाला आहे ते दिसतं.

ट्रान्सिल्व्हेनियात पैशाइतकीच माणसांचीही उणीव आहे. १९८९नंतर सरहद्दी उघडल्या आणि आठशे वर्षं तिथे राहिलेले सॅक्सन बहुसंख्येने जर्मनीला निघून गेले. तटबंदीची दीडशेच्या आसपास चर्चं मागे राहिली. त्यांपैकी सहा आणि दर्जिऊ मिळून सात गावं जागतिक वारशाच्या यादीत आहेत, बाकीच्यांना वाली शोधावा लागतो. २०१६च्या फेब्रुवारीत रोत्बाव आणि रोआदेश या दोन गावांच्या चर्चचे मनोरे काही दिवसांच्या अंतराने कोसळले. विस्क्री हे गाव मात्र सावरलं. तिथे इंग्लंडच्या आजच्या राजाने युवराज असताना घर घेतलं, संस्था आल्या, चुन्याचे आणि कौलांचे जुने कारागीर कामाला लागले. आता तिथल्या रहिवाशांची काळजी उलटी आहे: पाहुणे किती येऊ द्यायचे?

ती काळजी टोकाला गेलेली पाहायची तर ऑस्ट्रियातलं हालश्टाट. सातशे-साडेसातशे वस्ती, आणि मोसमात एका दिवसाला दहा हजारांपर्यंत पर्यटक. डोंगर आणि तळं यांच्या बेचक्यात दफनभूमी इतकी लहान की काही वर्षांनी थडगी रिकामी करून कवट्या चर्चशेजारच्या अस्थिगृहात ठेवत. बाराशेहून अधिक कवट्या आहेत, सहाशेवर कवट्यांवर नाव, फुलं, पानं रंगवलेली. जागेच्या टंचाईतून जन्मलेला हा उपाय, आणि प्रेमाचाही. चीनमध्ये २०१२ साली हालश्टाटची हुबेहूब नक्कल उभी राहिली. २०२३च्या ऑगस्टमध्ये मूळ गावच्या लोकांनी रस्ता अडवून निदर्शनं केली. नकलेत सगळं आहे, फक्त त्या कवट्यांचे नातेवाईक नाहीत.

काही ठिकाणी तर गाव किंवा चर्चच जागेवरून गेलं. दक्षिण टायरोलमधलं ग्राउन १९५० साली धरणाखाली गेलं, चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा पाण्यातून वर राहिला. कोयना-उजनीच्या पाण्याखाली गावं गेलेल्या प्रदेशातल्या वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. जर्मनीतल्या इमेराटचं चर्च २०१८च्या जानेवारीत उघड्या कोळसा-खाणीसाठी पाडलं. हॉयर्सडॉर्फ गावही खाणीत गेलं, मात्र तिथलं तेराव्या शतकातलं चिमुकलं चर्च २००७ साली अख्खं उचलून बारा किलोमीटरवरच्या बोर्नाला नेलं. स्वित्झर्लंडमधल्या मोन्योचं चर्च १९८६च्या हिमलोटात वाहून गेलं आणि मारिओ बोत्ता यांनी पांढऱ्या-करड्या दगडांच्या पट्ट्यांचं, तिरक्या काचेच्या छताचं नवं चर्च त्याच जागी बांधलं. गावातून त्याला कडाडून विरोध झाला होता. या पुस्तकाच्या व्याख्येत तेही वारसा आहे, आणि हे योग्यच आहे.

मराठी वाचकाचा या जगाशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयचिन्हं म्हणून देशावर आल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. वसईतले आणि गोव्यातले धर्मग्राम हे याच युरोपीय व्यवस्थेचे वंशज. गोव्यात ती आली ती देवळं पाडून आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवून, हे विसरता येत नाही. पण पुढे गावोगावच्या गावकऱ्यांनी त्याच चर्चना आपलं मानलं, फेस्तांचा खर्च वाहिला, दर पावसाळ्यानंतर भिंतींना चुना दिला, हेही तितकंच खरं. अलीकडचा संबंध सिनेमाचा. मराठा मंदिरात हजाराहून अधिक आठवडे चाललेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधलं चर्च स्वित्झर्लंडच्या मोंबोव्हाँ या खेड्यातलं आहे. तिथे बस थांबवून फोटो काढणारी मंडळी आपल्याकडचीच.

त्या बसमधल्या प्रवाशाच्या हाती द्यावं असं मराठीत आजवर फार थोडं होतं. प्रवासवर्णनं भरपूर, पण त्यांतलं चर्च बहुधा ‘भव्य’ किंवा ‘टुमदार’ या एका शब्दात आटोपतं. प्रस्तुत पुस्तक देशवार किंवा शैलीवार मांडलेलं नाही. दगड, लाकूड, चुना, डांबर, घंटा, वही, दफनभूमी अशा वस्तूंच्या आधाराने ते एका गावातून दुसऱ्या गावात जातं. त्यामुळे उर्नेस आणि रोमानियातल्या मरामुरेशची ओकच्या लाकडाची चर्चं शेजारी येतात, लॅव्हनमचा व्यापारी आणि ताउलचा सरदार एकाच पानावर भेटतात. मांडणी धाडसी आहे. तिची किंमतही आहे: कालक्रम वाचकाला स्वतः जुळवावा लागतो, आणि ग्रीस, पोर्तुगाल, बाल्टिक देश यांच्या वाट्याला जागा कमी आली आहे. सायप्रसच्या ट्रोदोस डोंगरातल्या चित्रमय चर्चवर आणखी पानं हवी होती. अकराशेच्या सुमाराचं आसिनूचं चर्च, बाहेरून धान्याच्या कोठारासारखं, एका पुस्तकाचा ऐवज आहे.

एक सूचना. हे पुस्तक घेऊन प्रत्यक्ष जाणाऱ्याने बाहेरून फोटो काढून परतू नये. चर्चचं दार बहुधा उघडं असतं. बंद असेल तर किल्ली कुठे मिळेल याची चिठ्ठी अनेकदा तिथेच लावलेली असते. आत गेल्यावर वेदीआधी छप्पर पाहावं, भिंतीच्या पायथ्याशी ओल आहे का ते पाहावं, दाराजवळ टांगलेला जमाखर्च किंवा दुरुस्तीच्या वर्गणीचा फलक वाचावा. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असेल तर थांबावं. आणि निघताना दाराजवळच्या पेटीत चार नाणी टाकावीत. ती छपरासाठीच जातात.